श्टेटीनचे मास्तर: हेरमान ग्रासमान

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा विषय गोव्यात निघाला, की बोलता बोलता एक प्रश्न हमखास येतो: एवढ्या मोठ्या गणितज्ञाने संस्कृत हस्तलिखितांत आयुष्याची इतकी वर्षे कशासाठी घालवली असतील? कोसबे गावात १९०७ साली जन्मलेल्या आणि हार्वर्डला शिकलेल्या या माणसाने १९४४ साली आनुवंशिकीत आजही वापरले जाणारे एक सूत्र दिले, आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. पणजीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, पण त्यांचे चाहतेसुद्धा बहुधा दोन तटांत विभागलेले असतात. इतिहास-संस्कृतवाल्यांना त्यांचे गणित परके वाटते आणि गणितवाल्यांना त्यांचे संस्कृत. ही दोन कामे दोन निरनिराळ्या बुद्धींची आहेत, असे आपण नकळत गृहीत धरलेले असते. त्या गृहीताला छेद देणारे मला सर्वांत ठळक वाटणारे उदाहरण कोसंबींच्या आधीच्या शतकातले, बाल्टिक समुद्राजवळच्या एका बंदरातल्या शाळामास्तराचे आहे. त्यांचे नाव हेरमान ग्यून्टर ग्रासमान.

मी स्वतः उच्च माध्यमिकच्या वर्गांना गणित शिकवतो. सदिशांचा, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘व्हेक्टर’चा, धडा दरवर्षी येतो आणि परीक्षेच्या धास्तीने दरवर्षी घाईतच उरकावा लागतो. त्या धड्यातली बेरीज, गुणाकार, मिती या कल्पना ज्यांनी १८४४ सालीच एकत्र बांधून दाखवल्या होत्या, त्यांच्याविषयी वर्गात चार वाक्यांपलीकडे बोलता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ग्रासमान यांचा जन्म १५ एप्रिल १८०९ रोजी श्टेटीन येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव श्चेचिन असे आहे. वडील युस्टुस ग्यून्टर ग्रासमान तिथल्याच शाळेत, म्हणजे गिम्नाझियममध्ये, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांनी शाळेसाठी गणिताची पुस्तकेही लिहिली होती. बारा भावंडांत हेरमान तिसरे. लहानपणी त्यांची हुशारी कुणाच्या नजरेत भरली नाही. मुलगा माळी झाला किंवा एखाद्या कारागिरीत रमला तरी आपली हरकत नाही, असे खुद्द वडिलांचे मत होते. १८२७ साली ते बर्लिन विद्यापीठात गेले ते धर्मशास्त्र शिकण्यासाठी. तिथे सहा सत्रांत त्यांनी धर्मशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ श्लायरमाखर यांची व्याख्याने मनापासून ऐकली, ग्रीक-लॅटिन केले, तत्त्वज्ञान वाचले, पण गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा एकही अभ्यासक्रम घेतला नाही. ज्यांच्या नावाने आज गणिताची एक अख्खी शाखा ओळखली जाते त्यांचे विद्यापीठीय गणिती शिक्षण शून्य होते, आणि ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची अडचण या दोन्हींचा उगम तिथेच आहे.

श्टेटीनला परतल्यावर त्यांनी १८३१ साली शिक्षकाची परीक्षा दिली, आणि परीक्षकांनी त्यांना फक्त खालच्या वर्गांना शिकवण्याची परवानगी दिली. १८३४ साली बर्लिनच्या एका व्यवसायशाळेत भूमितिज्ञ याकोब श्टायनर यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली, कारण श्टायनर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून निघून गेले होते. हा योगायोग बोलका आहे: श्टायनर ज्या दारातून विद्यापीठात गेले, त्याच दारात ग्रासमान यांना उभे केले गेले होते. पण ते तिथे फार काळ राहिले नाहीत आणि पुन्हा श्टेटीनला येऊन एका नव्या शाळेत गणित, भौतिकशास्त्र, जर्मन, लॅटिन आणि धर्मशिक्षण असे पाच विषय शिकवू लागले. मधल्या काळात धर्मशास्त्राच्या दोन्ही परीक्षाही त्यांनी दिल्या. पाद्री होण्याचा विचार मनातून पुरता गेलेला नसावा.

वरच्या वर्गांना शिकवण्याचा अधिकार मिळावा म्हणून १८४० साली त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि तिच्यासाठी भरती-ओहोटीच्या सिद्धांतावर एक दीर्घ प्रबंध लिहिला. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम जाणवेल एवढीच असते. आपल्याकडे मांडवी-झुवारीच्या काठी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचे दार, दिवसातून दोनदा पाण्याच्या चढउताराबरोबर उघडते आणि मिटते; लहान पोरालासुद्धा भरतीची वेळ सांगता येते. श्टेटीनच्या बंदरात बसून या विषयावर लिहिणाऱ्या माणसाला मात्र तो बहुतांशी कागदावरच अनुभवायचा होता. लाग्रांज आणि लाप्लास यांच्या ग्रंथांतले गणित त्यांनी घेतले, पण समीकरणे मांडली ती स्वतः रचलेल्या नव्या पद्धतीने. पानभर लांबणारी गणिते त्या पद्धतीत काही ओळींत मावू लागली. परीक्षेत ते उत्तीर्ण झाले, हवा होता तो अधिकार मिळाला, पण प्रबंधात एक नवे बीजगणित दडलेले आहे हे परीक्षकांच्या ध्यानात आले नाही. प्रबंध दप्तरात गेला.

ती पद्धत म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहू. पणजीहून मडगावला गेलो आणि मडगावहून फोंड्याला, तर गाडीच्या मीटरवर दिसणारी बेरीज पणजी-फोंडा अंतरापेक्षा बरीच मोठी भरते. पण अंतराऐवजी स्थानांतर मोजले, म्हणजे किती आणि कोणत्या दिशेने हे दोन्ही धरले, तर पणजी-मडगाव अधिक मडगाव-फोंडा बरोबर पणजी-फोंडा, आणि मधले ठिकाण कुठेही असले तरी हे समीकरण मोडत नाही. ग्रासमान यांची सुरुवात इथूनच झाली. दोन बिंदूंमधल्या रेषाखंडाला दिशा दिली की तिसरा बिंदू त्या दोहोंच्या मध्ये असण्याची अट गळून पडते, हे त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे.

खरी मौज गुणाकारात आहे. लांबी गुणिले रुंदी म्हणजे आयत, ही वडिलांच्या शालेय पुस्तकातली गोष्ट होती. मुलाने विचारले की दिशा असलेल्या दोन बाजूंनी बनणारा समांतरभुज चौकोन हाच त्या दोन बाजूंचा गुणाकार मानला तर काय होईल? एखाद्या बाजूचा तिच्याशीच गुणाकार केला तर क्षेत्रफळ काहीच उरत नाही, म्हणून तो शून्य. आणि दोन बाजूंचा क्रम उलटला तर क्षेत्राची दिशा उलटते, म्हणून चिन्ह बदलते. आता क आणि ख या दोन एकक बाजू घ्या आणि ३क + ख हिला क + २ख हिने गुणा. नेहमीप्रमाणे कंस सोडवले की ३कक + ६कख + खक + २खख असे मिळते. कक आणि खख हे शून्य, खक म्हणजे उणे कख, तेव्हा उत्तर ५कख. हा पाच म्हणजे त्या चौकोनाचे क्षेत्रफळ. मुलांना फळ्यावर हे करून दाखवले, की कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतोच, ‘सर, हा तर डिटरमिनंट.’ बरोबर आहे. तीन गुणिले दोन वजा एक गुणिले एक. जे सूत्र आपण पाठ करून घेतो ते इथे दोन साध्या नियमांतून आपोआप बाहेर पडते. शिवाय हे नियम दोन किंवा तीन दिशांवर थांबत नाहीत. चार, पाच, कितीही एकके घ्या, रीत तीच राहते. ग्रासमान यांना हेच म्हणायचे होते: भूमिती हा या विद्येचा एक उपयोग आहे, विद्या त्याहून व्यापक आहे आणि तिला तीन मितींचे बंधन नाही.

ही विद्या मांडणारे त्यांचे पुस्तक १८४४ साली लाइपझिगच्या ओटो विगांड यांनी प्रसिद्ध केले. नावाचा अर्थ ढोबळपणे ‘विस्ताराचा सिद्धांत’. मला या पुस्तकाविषयी जे वाटते ते सांगायचे तर आधी त्याच्या वाचकाच्या जागी बसावे लागेल. त्या वर्षी जर्मनीतल्या कोणा प्राध्यापकाच्या टेबलावर श्टेटीनच्या एका अनोळखी शाळामास्तराचे पुस्तक येऊन पडते. तो ते उघडतो. पहिल्या पानांवर सूत्र नाही, प्रमेय नाही; विचार आणि अस्तित्व, समान आणि भिन्न, अखंड आणि खंडित अशा जोड्यांची तात्त्विक चर्चा आहे, जिच्यात श्लायरमाखर यांच्या व्याख्यानांची छाया स्पष्ट दिसते. शब्द बहुतेक नव्याने घडवलेले आहेत. भूमितीच्या ओळखीच्या गोष्टी येईपर्यंत प्राध्यापकाचा धीर सुटलेला असतो. अशा वाचकाला अरसिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याची अडचण खरी होती.

त्या काळचे सर्वांत मोठे गणितज्ञ गाउस यांनी पुस्तक मिळाल्याचे कळवले आणि अशाच काही वाटांनी आपण जवळजवळ अर्धे शतक आधी गेलो होतो, असेही कळवले. हे उत्तर गाउस यांच्याकडून अनेकांना मिळत असे. लाइपझिगचे गणितज्ञ म्योबियस यांचे स्वतःचे काम या विचारांच्या अगदी जवळचे होते, पण परीक्षण लिहिण्याची विनंती त्यांनीही नाकारली. अखेर लेखकालाच आपल्या पुस्तकाचा परिचय एका गणिती नियतकालिकात लिहावा लागला. म्योबियस यांनी एक उपकार मात्र केला. लायब्निझ यांनी अपुऱ्या सोडलेल्या एका कल्पनेचा, भूमितीसाठी अक्षरांचे गणित उभारण्याच्या कल्पनेचा, विकास करावा अशी स्पर्धा लाइपझिगच्या याब्लोनोव्स्की संस्थेने जाहीर केली होती; तिच्याकडे त्यांनी ग्रासमान यांचे लक्ष वेधले. १८४६ साली बक्षीस ग्रासमान यांना मिळाले. स्पर्धेत प्रबंध एकच आला होता. तो छापताना म्योबियस यांना त्याच्याबरोबर आपले स्पष्टीकरण जोडावे लागले, कारण नुसता मूळ मजकूर वाचकांना पेलेल याची खात्री नव्हती.

बक्षिसाच्या बळावर ग्रासमान यांनी १८४७ साली प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यांकडे विद्यापीठातल्या जागेसाठी अर्ज केला. मंत्रालयाने गणितज्ञ एर्न्स्ट कुमर यांचे मत मागवले. कुमर यांचा अभिप्राय असा, की मजकूर चांगला आहे पण मांडणी सदोष आहे. अर्ज तिथेच संपला. कुमर यांना या प्रकरणात नेहमी खलनायक केले जाते आणि ते मला पटत नाही. कुमर स्वतः दहा वर्षे लीग्निट्झ येथे शाळेत शिकवत होते. पुढे नामवंत गणितज्ञ झालेले क्रोनेकर तिथले त्यांचे विद्यार्थी. शाळामास्तराविषयी त्यांच्या मनात तुच्छता असण्याचे काही कारण नव्हते. मांडणीविषयीचे त्यांचे मत तर रास्तच होते. चूक झाली ती निष्कर्षात: वाईट मांडलेला चांगला विचार आणि शिकवण्याची कुवत नसलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्रासमान तेव्हा पंधरा वर्षे शिकवत होते.

‘शाळामास्तर म्हणून डावलले’ ही कथा अपुरी आहे, हे गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांच्या उदाहरणावरून जास्त स्पष्ट दिसते. तेही त्याच काळात प्रशियाच्या आडगावांतल्या शाळांत शिकवत होते. १८५४ साली त्यांचा आबेली फलनांवरचा एक लेख क्रेले यांच्या नियतकालिकात आला आणि दोन वर्षांत ते बर्लिनला प्राध्यापक झाले. दोघेही मास्तर, दोघेही एकाकी. फरक एवढाच, की वायरश्ट्रास यांनी अशा प्रश्नाचे उत्तर दिले ज्यावर याकोबीपासून सगळे मोठे गणितज्ञ झुरत होते. ग्रासमान यांनी दिलेले उत्तर मोठे होते, पण तो प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता. चार मितींचे किंवा दहा मितींचे काय करायचे, हे १८४४ साली कुणाला ठाऊक होते? डब्लिनमध्ये हॅमिल्टन यांनी १८४३ च्या ऑक्टोबरात क्वाटर्नियन, म्हणजे चार घटकांच्या संख्या, शोधले, ज्यांत गुणाकाराचा क्रम उलटला की उत्तर बदलते. पण हॅमिल्टन आयर्लंडचे राजज्योतिषी होते, त्यांचे म्हणणे ऐकायला माणसे आधीच बसलेली होती. ग्रासमान यांचे पुस्तक मनापासून वाचणाऱ्या मोजक्या समकालीनांत हॅमिल्टन होते, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण.

ग्रासमान यांनी मांडणीवरची टीका मनावर घेतली. त्यांनी सगळे पुस्तक नव्याने लिहिले, तत्त्वज्ञान काढून टाकले, युक्लिडच्या शिस्तीने व्याख्या, प्रमेय, सिद्धता अशी रचना केली आणि १८६२ चे साल घातलेली ही दुसरी आवृत्ती स्वतःच्या खर्चाने ३०० प्रतींची छापली. आज लिनियर अल्जिब्रा या नावाखाली महाविद्यालयात जे शिकवले जाते, म्हणजे सदिशांचे स्वातंत्र्य, आधार, मिती, दोन उपअवकाशांच्या बेरजेच्या आणि छेदाच्या मितींमधले नाते, त्याचा मोठा भाग तिच्यात आहे. श्टाइनिट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा बदलीचा सिद्धांतही आहे. हे पुस्तकही कुणी वाचले नाही. पहिले वाचकांना फार तात्त्विक वाटले होते, दुसरे फार कोरडे. प्रस्तावनेत मात्र त्यांनी शांतपणे लिहिले, की या विद्येवर खर्च झालेले आपले श्रम वाया जाणार नाहीत, भले ती आणखी सतरा वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ पडून राहो. १८६४ साली पहिल्या पुस्तकाच्या सुमारे ६०० न खपलेल्या प्रती प्रकाशकाने रद्दीत काढल्या.

या सगळ्या काळात त्यांचे आयुष्य मात्र उपेक्षिताचे नव्हते, आणि हा भाग मला व्यक्तिशः सर्वांत ओळखीचा वाटतो. गोव्यातल्या मराठी शाळांचे जुने मास्तर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की शाळा सुटली म्हणून मास्तर सुटत नसे. संध्याकाळी भजनाची तालीम, जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग, कुणाचा अर्ज, वाचनालयाचा हिशेब, सारे त्याच्याकडे येई. ग्रासमान श्टेटीनमध्ये असेच वावरले. पुरुषांच्या गायकवृंदाचे ते संचालन करीत, लोकगीते गोळा करून त्यांना स्वरसाज चढवीत, मिशनच्या कामात लक्ष घालीत. १८४८ च्या उठावाच्या वर्षी धाकटा भाऊ रोबेर्ट याच्याबरोबर त्यांनी एक साप्ताहिक काढले आणि त्यातून राज्यघटनेने बांधलेल्या राजेशाहीचा पुरस्कार केला. १८४९ साली लग्न झाले. अकरा मुले झाली, त्यांतली सात मोठी झाली. १८५२ साली वडील वारले आणि गिम्नाझियममधली त्यांची जागा हेरमान यांना मिळाली. तिच्याबरोबर ‘प्रोफेसर’ ही पदवीही आली, पण ती शाळेतली. १८७० साली वनस्पतींच्या जर्मन नावांवरही त्यांचे एक पुस्तक निघाले.

रंगांविषयीचे काम याच काळातले. शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ साली लिहिले होते, की मिसळल्यावर पांढरा रंग देणारी वर्णपटातल्या शुद्ध रंगांची जोडी त्यांना एकच सापडली. पुढच्याच वर्षी ग्रासमान यांनी दाखवले, की रंगांच्या मिश्रणाबद्दल काही साध्या गोष्टी मान्य केल्या तर प्रत्येक रंगाला पूरक रंग असलाच पाहिजे. त्या गोष्टी अशा: कोणताही रंग तीन राशींनी ठरतो, मिश्रणातला एक घटक हळूहळू बदलला तर मिश्रणही तुटक उड्या न घेता बदलते, आणि दिसायला सारखे असलेले दोन रंग कशातही मिसळले तरी मिश्रणे सारखीच दिसतात, मग त्या दोन रंगांमागचा प्रकाश भिन्न का असेना. हेल्महोल्ट्झ यांनी पुन्हा प्रयोग केले आणि ते मान्य केले. बारकाईने पाहिले तर हे पुन्हा सदिशांचेच गणित आहे. वस्तू काय आहेत याकडे न पाहता त्या एकमेकींत मिसळतात कशा एवढेच पाहायचे. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून जो पिवळा दिसतो तो याच नियमांवर विसंबून दिसतो.

संस्कृत त्यांनी चाळिशीच्या सुमारास, स्वतःच्या स्वतः सुरू केले. १८६३ साली कून यांच्या भाषाशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी जो नियम मांडला तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि तो समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत. संस्कृतात धा धातूचे रूप ‘दधाति’ होते, ‘धधाति’ होत नाही. भू धातूचे ‘बभूव’ होते, ‘भभूव’ नव्हे. पाणिनीने ‘अभ्यासे चर्च’ या सूत्रात द्विरुक्तीपुरते हे सांगून ठेवलेले आहेच. ग्रासमान यांनी त्यामागचा इतिहास शोधला: लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण, म्हणजे ध-भ यांसारखी हकार मिसळलेली, व्यंजने आली तर पहिले आपला महाप्राण गमावते, आणि हे संस्कृतात व ग्रीकमध्ये दोन्हीकडे घडलेले आहे. त्यातून एक जुने कोडे सुटले. संस्कृतातल्या ‘ब’च्या जागी जर्मन गटाच्या भाषांत ‘प’ यायला हवा, असा भाषाशास्त्रज्ञ ग्रिम यांचा नियम; पण ‘बन्ध्’ धातूच्या समोर जर्मनमध्ये ‘बिंडन’ उभा राहतो, ‘ब’ घेऊनच. ग्रासमान म्हणाले, नियम चुकलेला नाही. मूळ धातूच ‘भन्ध्’ असा होता, संस्कृताने पहिला महाप्राण नंतर टाकला. बुध् धातूचे भविष्यकाळी रूप ‘भोत्स्यते’ होते तेव्हा तो हरवलेला भकार पुन्हा वर येतो, कारण तिथे धकाराचा महाप्राण गेलेला असतो आणि पहिल्याला आपला टाकण्याचे कारण उरत नाही. अपवादांचा एक अख्खा ढीग एका नियमाने उचलला गेला.

आणि इथे वाचक तयार होते. तौलनिक भाषाशास्त्राला तेव्हा भर आला होता, त्या अपवादांशी अनेकजण झगडत होते, नियतकालिक होते, वाद घालायला माणसे होती. म्हणून गणितातल्या त्यांच्या पुस्तकाला जे भाग्य दोन आवृत्त्यांत लाभले नाही ते या एका लेखाला सहज लाभले.

त्यांचा ऋग्वेदाचा कोश १८७३ ते १८७५ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाला. कलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशांच्या संकेतस्थळावर तो आज कुणालाही पाहता येतो, आणि मी तो पाहतो तेव्हा अर्थापेक्षा मांडणीत जास्त रमतो. प्रत्येक शब्दाखाली अर्थांची वर्गवारी आहे, तिच्यापुढे त्या शब्दाची ऋग्वेदात आलेली रूपे विभक्तीनुसार किंवा क्रियापदाच्या प्रकारांनुसार लावलेली आहेत आणि प्रत्येक रूपापुढे ते कुठे येते याचे आकडे आहेत. हे आकडे आपल्या ओळखीच्या मंडल-सूक्त पद्धतीचे नाहीत. त्यांनी सगळ्या १०२८ सूक्तांना सलग क्रमांक दिले. पहिल्या मंडलात १९१ सूक्ते, म्हणून दुसऱ्या मंडलातले पहिले सूक्त १९२. आठव्या मंडलातली वालखिल्य सूक्ते शेवटी, १०१८ पासून. वेदपाठशाळेत शिकलेल्या माणसाला ही मोजणी विचित्र वाटेल, आणि वाटावीच. पण दिवसा शाळेत शिकवणाऱ्या एका माणसाने हातातल्या पेन्सिलीने सबंध ऋग्वेदातला शब्दन् शब्द वेचून, त्याचे रूप ओळखून, त्याच्या जागी नेऊन ठेवला आहे हे त्या स्तंभांवरून नजर फिरवताना जाणवत राहते. पाठोपाठ १८७६-७७ साली त्यांनी ऋग्वेदाचे पद्यमय जर्मन भाषांतरही दोन खंडांत दिले. ते भाषांतर आता मागे पडले आहे. उत्तरकालीन वाटलेली सूक्ते वेगळी काढून परिशिष्टात टाकण्याचा त्यांचा निर्णय मला तरी नको तितका धीट वाटतो. कोश मात्र अभ्यासक आजही उघडतात.

ट्यूबिंगन विद्यापीठाने १८७६ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती याच कामासाठी. तिथे रुडोल्फ रोट होते, ज्यांनी ब्योटलिंक यांच्याबरोबर सेंट पीटर्सबर्गचा मोठा संस्कृत कोश केला होता आणि ज्यांना ग्रासमान यांच्या कामाची किंमत अचूक कळत होती. गणितासाठी विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

गणिती मंडळींचे लक्ष गेले ते उशिरा, पण अगदी त्यांच्या पश्चात नव्हे. गणितज्ञ हांकेल यांनी १८६७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांच्या पद्धतीची मोकळ्या मनाने दखल घेतली. दुसरे गणितज्ञ क्लेब्श यांनी पुढाकार घेतला आणि १८७१ साली ग्योटिंगनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले; तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. या उशिराच्या दखलीने त्यांना हुरूप आला आणि ते भाषेकडून पुन्हा गणिताकडे वळले. १८७७ साली, प्रकृती खालावलेली असताना, यांत्रिकीवर आणि हॅमिल्टन यांच्या क्वाटर्नियनांचे आपल्या सिद्धांतातले स्थान काय यावर त्यांनी लेख लिहिले, आणि १८४४ च्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणाची तयारी केली. २६ सप्टेंबर १८७७ रोजी श्टेटीनमध्येच त्यांचे निधन झाले. पुनर्मुद्रण १८७८ साली बाहेर पडले, आणि त्याच वर्षी इंग्लंडचे गणितज्ञ क्लिफर्ड यांनी ग्रासमान आणि हॅमिल्टन यांची बीजगणिते एकत्र आणणारा लेख प्रसिद्ध केला.

पुढची वाटचाल वेगाने झाली. इटलीचे गणितज्ञ पेआनो यांनी १८८८ साली ग्रासमान यांच्या आधाराने सदिश अवकाशाची स्वयंसिद्धके लिहिली आणि पुढच्या वर्षी नैसर्गिक संख्यांची, ज्यांसाठी त्यांनी ग्रासमान यांच्याच १८६१ सालच्या अंकगणिताच्या पुस्तकाचा आधार घेतला होता. त्या शालेय पुस्तकात बेरजेची व्याख्या एकेक पाऊल पुढे जाण्याच्या क्रियेवरून केली होती. फ्रान्सचे एली कार्तां यांनी क्रम उलटला की चिन्ह बदलणाऱ्या त्या गुणाकारावर विकलक रूपांचे शास्त्र उभारले. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनसारख्या कणांचे वर्णन करताना भौतिकशास्त्रज्ञांना अशा राशी लागल्या ज्यांचा स्वतःशी गुणाकार शून्य होतो. त्यांना ग्रासमान संख्या म्हणतात. ग्रासमान यांचा मुलगा, त्याचेही नाव हेरमानच, गीसनला गणिताचा प्राध्यापक झाला.

अमेरिकेत व्हेक्टरचे आजचे गणित घडवणारे गिब्स यांनी आपली पद्धत बरीचशी स्वतंत्रपणे गाठली होती, पण नंतर ग्रासमान वाचल्यावर त्यांनी अग्रमान निःसंकोचपणे त्यांना दिला. १८४० चा तो परीक्षेचा प्रबंध छापला गेला तर कोण कुणाच्या आधी होते हा वाद उरणार नाही, असे त्यांना वाटत होते, आणि तो प्रसिद्ध व्हावा म्हणून त्यांनी ग्रासमान यांच्या वारसांना गळ घातली. या खटपटीतून आणि फ्रीडरिख एंगल यांच्या संपादनातून ग्रासमान यांचे समग्र लेखन १८९४ पासून तीन खंडांत निघाले. भरती-ओहोटीचा प्रबंध शेवटच्या खंडात, १९११ साली आला. परीक्षकांनी तो वाचून बाजूला ठेवल्याला तोवर एकाहत्तर वर्षे झाली होती.